पंधरावं घर

जानकीबाईंनी आपल्या सुनेला पहिल्यांदा ‘तुम्ही’ म्हटलं, तो नोव्हेंबरातला एक मंगळवार होता. सुलक्षणा स्टोव्हला पिन मारत बसली होती. मागून आवाज आला, “तुमचा चहा झाला असेल तर मी भात लावून घेते.”

कुणी पाहुणी आली की काय, म्हणून सुलक्षणाने वळून पाहिलं. दारात कुणी नव्हतं. तांदळाचं ताट मांडीवर घेऊन सासूच बसली होती, मान खाली घालून खडे वेचत.

“आई, काय म्हणालात?”

“भात लावते म्हणाले. तुम्हाला उशीर होत असेल.”

जानकीबाई छत्तीस वर्षं मुंबईत होत्या. आधी लालबाग, मग मालाडच्या कुरारमधली ही दीड खोली. एवढ्या वर्षांत गिरणीतला कारकून असो, डॉक्टर असो, रेशनवाला मारवाडी असो, त्या सगळ्यांशी एकाच भाषेत, मालवणीत बोलल्या. ज्याला समजलं त्याने समजून घेतलं, नाही समजलं त्याने विचारून घेतलं. आणि आज त्यांच्या तोंडून हे असं वर्तमानपत्रातलं मराठी, एकेक शब्द ताटातल्या खड्यासारखा वेचून बाजूला ठेवलेला.

सुलक्षणाने पिन खाली ठेवली. म्हातारीला कळलं होतं तर.

झालं होतं ते असं. आदल्याच दिवशी ती तीन वर्षांच्या मृणालिनीला घेऊन स्टेशनपलीकडच्या शाळेत गेली होती, बालवर्गाच्या प्रवेशासाठी. चांगली मराठी शाळा. फॉर्म मिळायच्या आधी मुलगी आणि आई, दोघींना भेटायला बोलवत. कुंदाताई नावाच्या बाई तिथल्या प्रमुख. गोड बोलणाऱ्या, इस्त्रीचं पातळ. त्यांनी टेबलावर लाकडी पोपट ठेवला आणि म्हणाल्या, “हे काय आहे बाळा?”

मृणालिनीने पोपटाकडे नीट पाहिलं आणि सरळ हात पुढे केला. “माका तो पोपट व्हयो.”

कुंदाताई हसल्या. वाईट हसल्या नाहीत, पण हसल्या. “अगंबाई. हे कुठून आलं?”

सुलक्षणा तेव्हा काय बोलली, ते तिला नंतर कित्येक दिवस शब्दन्‌शब्द ऐकू येत राहिलं. “तिची आजी गावाहून आलीय ना. जाईल आता महिन्याभरात.”

“मग ठीक आहे,” कुंदाताई म्हणाल्या. “मुलांचं काय, पटकन उचलतात. आजी गेल्या की जानेवारीत परत आणा. बघू.”

आणि घरी आल्याबरोबर मृणालिनीने आजीच्या गळ्यात हात टाकून विचारलं, “आजये, तू गावाक जातलंस?”

“कोण म्हणता गो?”

“आई त्या बाईंक सांगी होती.”

जानकीबाई रात्री जेवल्या, भांडी घासली, झोपल्या. आणि सकाळपासून हे ‘तुम्ही’.

आता दुसऱ्या कुणा सुनेच्या हातून हे झालं असतं, तर एकवेळ चाललं असतं. पण सुलक्षणा एम.फिल. करत होती, भाषाशास्त्रात, आणि तिचा विषयच मुळी हा होता: कोकणातून गिरणगावात आणि गिरणगावातून उपनगरांत आलेल्या घरांमध्ये भाषा कशी पालटते. ती स्वतः घाटकोपरच्या भटवाडीतली, गिरणी कामगाराची मुलगी. कुरार, भटवाडी, बोरिवलीचा काजूपाडा अशा चौदा घरांत ती दोन वर्षं हिंडली होती. कडेवर मूल, खांद्याला झोळी, झोळीत नवऱ्याने हप्त्यावर घेऊन दिलेला टेपरेकॉर्डर. प्रत्येक घरात तिघं: आजी, तरुण आई आणि बोलायला लागलेलं मूल. बेचाळीस आवाज. त्यांना निवेदक म्हणायचं आणि नाव न लिहिता नुसता क्रमांक द्यायचा, अशी पद्धत. रेकॉर्ड केलेलं घरी बसून वहीत उतरवायचं. निवेदक काय बोलला ते अक्षर न्‌ अक्षर. आपण काय बोललो, तिथे नुसती रेघ.

तिला मिळालेलं उत्तर चांगलं होतं. बदल शाळा आणत नाही, रेडिओ आणत नाही. मूल तीन वर्षांचं व्हायच्या सुमाराला तरुण आईच घरात बोलणं पालटते. सासूशी एक, मुलाशी दुसरं. पण हे होतं कधी आणि कसं, ते मात्र कुणालाच सांगता येईना. चौदाच्या चौदा जणींनी एकच सांगितलं होतं: आम्ही कुणाला काही बोललो नाही, आपोआप झालं. सुलक्षणाने चौथ्या प्रकरणात तसंच लिहिलं होतं. तिचे मार्गदर्शक डॉ. मार्तंड सोवनी यांना तो शब्द फार आवडला होता. “आपोआप. व्वा. भाषेची हीच तर गंमत,” असं म्हणून त्यांनी समासात बरोबरची खूण केली होती.

पहिल्या आठवड्यात तिच्या नवऱ्याला, जयवंतला, या सगळ्याची मजा वाटली. तो मरोळच्या औषध कंपनीत पॅकिंगला होता. घरी येऊन पायातले बूट काढतो न काढतो, तोच आई म्हणे, “आपण हातपाय धुऊन घ्यावेत.”

“आयशीक आकाशवाणीवर पाठवूया,” तो हसत म्हणाला. “सकाळच्या बातम्यांका.”

“हसू नको रे,” सुलक्षणा म्हणाली. “माझ्यावरचा राग आहे तो.”

“मग माफी माग ना. एवढं काय यार?”

“मागितली. दोनदा.”

“मग?”

“म्हणाल्या, ‘काही हरकत नाही.’”

जयवंतचं हसू तिथेच थांबलं. आपली आई ‘काही हरकत नाही’ म्हणते, याचा अर्थ त्यालाही कळला.

खरी गोष्ट तिसऱ्या आठवड्यात सुलक्षणाच्या लक्षात आली. म्हातारी तिच्याशी शुद्ध बोलत होती, पण नातीशी बोलतच नव्हती. नातीचे केस विंचरायच्या, भरवायच्या, पण तोंड मिटून. मृणालिनी विचारून विचारून दमली आणि मग तीही गप्प झाली. सुलक्षणाला आता रात्रंदिवस एकच धास्ती: पोर मुकी तर होणार नाही ना. दोन शब्द बोलली की ती मोजायची. कपाळाला हात लावून ताप बघायची. शेजारच्या शकुकाकी म्हणाल्या, “गो, नजर काढ.” तिने तीही काढली. कॉलेजात शिकलेलं सगळं बाजूला ठेवून, मीठमोहऱ्या घेऊन.

एके दुपारी, मूल झोपल्यावर, तिने कपाटावरचा बुटांचा खोका खाली काढला. त्यात आठ कॅसेटी होत्या, ‘सराव’ असं लिहिलेल्या. टेपरेकॉर्डर नवीन होता तेव्हा बटणं कळावीत, तो कुठे ठेवला की आवाज नीट येतो ते समजावं, म्हणून तिने घरातलंच बोलणं भरून ठेवलं होतं. पुढे सवय म्हणून दर दोन-अडीच महिन्यांनी एक. या कॅसेटी प्रबंधात नव्हत्या. सराव म्हणजे काही सामग्री नव्हे. आणि आपलं घर चौदांत धरायचं नाही, हे तर सरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

तिला फक्त ऐकायचं होतं की पोरगी पूर्वी किती बोलायची.

पहिली कॅसेट. जानकीबाईंचा आवाज घरभर. “माझा चेडू खय गेला? हय आसा काय? नाय. हय आसा काय? नाय.” आणि मुलीचं खिदळणं. मध्येच एक तरुण बाई म्हणते, “आये, दूध उतू जाता.” कोण ही, असा प्रश्न सुलक्षणाला क्षणभर पडला. मग कळलं, आपणच.

ती पुढे ऐकत गेली. पाचव्या कॅसेटीपर्यंत ती सासूशी मालवणीच बोलत होती, ‘आये’ म्हणत. सहावीत, मागल्या गुढीपाडव्याच्या, तिचा आवाज आला, हलका, जवळजवळ लाडिक: “आये, तिच्याशी जरा नीट बोला ना. आता शिकायला लागलीय ती.” त्यावर जानकीबाई काही बोलल्या नव्हत्या. सातवीत सुलक्षणा सासूला ‘आई’ म्हणत होती. आठवीतही.

पाडवा. म्हणजे शाळेच्या आठ महिने आधी. कुंदाताईंनी विचारायच्या कितीतरी आधी.

तिने वही घेतली आणि चौदा घरांत करत आली होती तेच केलं. मोजलं. प्रत्येक कॅसेटीतला अर्धा तास. पाचवीत आजी नातीशी एकशे बारा वेळा बोलली होती. सहावीत नव्व्याण्णव, आणि त्यातली बहुतेक सुलक्षणाच्या त्या वाक्याच्या आधी. आठवीत एकतीस. आणि या वेळी जिथे नेहमी रेघ ओढायची, तिथे तिने रेघ ओढली नाही. स्वतः काय बोलली तेही उतरवलं. अक्षर नेटकं आलं.

आपोआप काही होत नव्हतं. कुणीतरी कुणाला तरी, हसून, एका वाक्यात गप्प करत होतं आणि मग विसरून जात होतं. चौदा घरांत ते वाक्य सापडलं नव्हतं, कारण त्या घरांत ती पोचली तोवर ते बोलून झालेलं होतं. पंधराव्या घरात ते कॅसेटीवर होतं.

संध्याकाळी ती जानकीबाईंसमोर बसली. “आई, त्या सरावाच्या कॅसेटी मला प्रबंधात घालायच्यात. तुमचा आवाज आहे त्यात. तुम्ही नाही म्हणालात तर नाही घालणार.”

जानकीबाई वाती वळत होत्या. “त्यात मला काय म्हणून लिहिणार?”

“क्रमांक असतो. निवेदक त्रेचाळीस.”

“गावाहून आलेली आजी, असं नाही ना लिहिणार?”

जानकीबाईंनी हातातली वात बाजूला ठेवली.

“माझं नाव घाला,” जानकीबाई म्हणाल्या. “जानकी धोंडू परब. कुरार. मग काय हवं ते लिहा.”

पाचवं प्रकरण तिने नऊ दिवसांत लिहिलं. स्टोव्हवर डाळ, एका पायाने पोरीचा पाळणावजा झोका, मांडीवर वही. आणि ते घेऊन विलेपार्ल्याला सोवनी सरांच्या घरी गेली. सर भले माणूस. खोलीत पुस्तकं छतापर्यंत, आणि विद्यार्थ्याला चहा दिल्याशिवाय चूक दाखवायची नाही, असा शिरस्ता. चहा आला तेव्हाच ती समजली.

“सुलक्षणाबाई, चार प्रकरणं उत्तम आहेत. धारवाडच्या परिषदेत विद्यार्थ्यांच्या निबंधांची स्पर्धा आहे. चौथं प्रकरण पाठवा, मी आनंदाने सही करतो. हे पाचवं मात्र फाडून टाका.”

“का सर?”

“संशोधक म्हणजे खिडकीची काच. तिच्यातून बघायचं. काच स्वतःच दिसायला लागली, तर ती मळली आहे असं समजावं.”

“मी काच नव्हते सर. मी दारात उभी राहिले की त्या बायका माझी साडी बघून बोलायच्या. माझ्याशी एक, सासूशी एक. ते सगळं मी रेघा ओढून पुसलं.”

“पुसायचंच असतं. हे भाषाशास्त्र आहे, आत्मचरित्र नव्हे. सासूशी झालेलं भांडण म्हणजे काही प्रकरण होत नाही.”

“भांडण झालंच नाही सर. तेच तर लिहिलंय.”

सरांनी चष्मा काढून पुसला. “आणि हे नाव? निवेदकाचं नाव घालायची पद्धत नाही.”

“त्यांनी सांगितलंय घालायला.”

“उद्या लोक म्हणतील, सोवनींची विद्यार्थिनी स्वतःच्या घरातली धुणी परिषदेत वाळत घालते. माझी सही होणार नाही त्यावर. चौथ्यावर आत्ता देतो. पेन हातात आहे माझ्या.”

पेन खरंच हातात होतं. सुलक्षणाला वाटलं, घ्यावी सही. चौथं प्रकरण खोटं थोडंच आहे. पण ‘आपोआप’ हा शब्द त्याच प्रकरणात होता, आणि समासात सरांची बरोबरची खूण.

“चौथं आता तसं जाणार नाही सर,” ती म्हणाली. “त्यातला एक शब्द चुकलाय. मीच चुकवलाय. सही नको.”

“मग विभागाचं नाव लावता येणार नाही.”

“नाही लावत.”

ती उठली. चहा अर्धा राहिला होता. तो तिने उभ्या उभ्या संपवला, कारण टाकला असता तर ती घाबरलीय असं दिसलं असतं.

पार्ल्यातच एका टायपिस्टकडे तिने पाचव्या प्रकरणाचाच निबंध धारवाडसाठी इंग्रजीत टाइप करून घेतला. नावाखाली विभाग लिहायची जागा होती. टायपिस्ट थांबला. “इथे काय टाकू ताई?”

“लिहा. पाच, दत्त चाळ, कुरार गाव, मालाड पूर्व.”

“हा घरचा पत्ता झाला.”

“काम तिथेच झालंय.”

धारवाडचं पत्र संक्रांतीनंतर आलं. विद्यार्थ्यांच्या गटात तिचा निबंध पहिला आला होता. परीक्षकांनी खाली दोन ओळी लिहिल्या होत्या: एकाच घरातला बदल, तो घडत असताना, घडवणारीच्या तोंडून, असा आम्ही आजवर वाचला नव्हता. जयवंतने पत्र चाळभर फिरवलं. शकुकाकींनी साखर वाटली. सुलक्षणा पत्र घेऊन सासूसमोर उभी राहिली.

जानकीबाईंनी ते उलटसुलट पाहिलं, नीट घडी केली आणि परत दिलं. “अभिनंदन,” त्या म्हणाल्या. “फार आनंद झाला.”

त्या रात्री सुलक्षणाने ठरवलं. निबंधात खरं लिहिलं ते धारवाडच्या लोकांसाठी. खोटं मात्र ती मालाडला बोलली होती.

शाळेत दुसऱ्या भेटीचा दिवस आला तेव्हा तिने पोरीला फ्रॉक घातला आणि सासूला म्हणाली, “आई, तुम्हीही चला.”

“माझं काय काम आहे तिथे?”

“आहे.”

जानकीबाईंनी तिच्याकडे एकदा बघितलं, मग निऱ्या नीट केल्या आणि चपला घातल्या.

कुंदाताईंनी तिघींना बघून भुवया उंचावल्या. लाकडी पोपट टेबलावर होताच. मृणालिनी आजीच्या पदराआड गेली. दोन महिन्यांत ती कमीच बोलू लागली होती, आणि सुलक्षणाला तीच एक काळजी होती: आता ही काहीच बोलली नाही तर.

“बाई,” ती स्वतःच बोलली, आवाज कापू नये म्हणून जरा मोठ्याने. “मागच्या वेळी मी तुमच्याशी खोटं बोलले. ही माझ्या मुलीची आजी. गावाहून आलेली नाही. आमच्याच घरात असते. म्हणजे, आम्ही तिच्या घरात असतो.”

कुंदाताई अवघडल्या. “अहो, तसं काही नाही. मी आपलं सहज म्हटलं होतं.” मग सावरून, हसून, जानकीबाईंकडे वळल्या. “मग आजी, गावाला जाता की नाही मधून मधून?”

 म्हातारी काय बोलेल यापेक्षा कशात बोलेल, याचीच सुलक्षणाला भीती.

जानकीबाईंनी खुर्ची ओढली आणि ऐसपैस बसल्या. “मी खय जावचंय नाय,” त्या म्हणाल्या. “खोली माझ्या नावावर आसा.”

पदराआडून मृणालिनी बाहेर आली. आजीच्या तोंडाकडे बघत राहिली, जणू बंद पडलेला नळ आला होता.

कुंदाताईंनी टेबलावरचे कागद सारखे केले. “हे बघा, आम्हाला कुणाच्या घरात ढवळाढवळ करायची नाही. पण मुलीची भाषा अशी राहिली तर वर्गात तिलाच जड जाईल. प्रवेशाचं म्हणाल तर जरा विचार करावा लागेल.”

“करा,” सुलक्षणा म्हणाली. “नाही म्हणायचं असेल तर तेवढं लेखी द्या. घरात आजी मालवणी बोलते म्हणून प्रवेश नाकारला, असं. शाळेच्या कागदावर, सहीसकट.”

“लेखी कशाला?”

“मी एम.फिल. करतेय. याच विषयावर. प्रबंध अजून द्यायचाय. तुमचं पत्र मला पाचव्या प्रकरणात लागेल.” मग जरा थांबून, “शाळेचं नाव घालणार नाही मी. क्रमांक देईन. आमच्यात तशी पद्धत आहे.”

 कुंदाताईंनी सुलक्षणाकडे पाहिलं, मग खुर्चीत ऐसपैस बसलेल्या म्हातारीकडे. इतक्यात मृणालिनीने टेबलावरचा पोपट उचलला, आजीच्या मांडीवर चढली आणि तिच्या कानाशी पुटपुटू लागली, एकामागून एक, न थांबता, दोन महिन्यांचं साठलेलं.

कुंदाताईंनी खण उघडला. छापील फॉर्म बाहेर आला. “बाहेरच्या बाकावर बसून भरा,” त्या म्हणाल्या, सुलक्षणाकडे न बघता. “आणि तो पोपट जाताना ठेवून जा.”

बाक मुलांचा होता, बुटका. तिघी त्यावर कशाबशा मावल्या. सुलक्षणाने फॉर्म गुडघ्यावर घेतला.  मातृभाषेच्या रकान्यात तिने मालवणी लिहिलं आणि शाईवर फुंकर मारली. पुढे घरातल्या माणसांची नावं. दार उघडंच होतं आणि आतून कुंदाताई बघत होत्या. बघू देत.

जानकीबाई तिच्या खांद्यावरून फॉर्ममध्ये डोकावल्या. “जानकी लिवलंस?”

“लिवलंय, आये.”

“मगे धोंडू लिव. तुज्या त्या धारवाडच्या कागदात होता, तसा आख्खा.”